दार लगेच उघडायचं नाही

चौथीच्या ३२ वह्या पहिल्यांदा घरी आणल्या, त्या रात्री जेवणं उरकून मी टेबलावर त्यांची चळत लावून बसले. विषय बाईंनी साधाच दिला होता, 'तुमच्या मनाने एक गोष्ट लिहा.' पहिल्या वहीत एक गरीब पण प्रामाणिक शेतकरी होता. दुसरीत गरीब पण प्रामाणिक लाकूडतोड्या. तिसरीत पुन्हा शेतकरी, त्याला चार मुलं आणि ती सारखी भांडायची. दहा-बारा वह्या अशा वाचल्या आणि पुढच्या वह्यांची नुसती शेवटची ओळ बघत गेले. झाडून सगळ्या वह्यांमध्ये शेवटी 'तात्पर्य' होतं. एकीचे बळ. लोभ वाईट. प्रामाणिकपणाचे फळ गोड. त्या शब्दाखाली पट्टी ठेवून दोन-दोन रेघा मारलेल्या.

ही मुलं पुण्यातल्या दांडेकर पुलाच्या आसपासच्या वस्तीतली. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे मंडईत हमाली करतात, कुणाची आई सहकारनगरात चार घरी पोळ्या करते. लाकूडतोड्या त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, मीही पाहिलेला नाही. आणि जे रोज दिसतं, ते रिक्षास्टँडवरचे काका, गजरे करत बसलेल्या मावश्या, सार्वजनिक नळावरची भांडणं, आंबील ओढ्याच्या भिंतीवरून पळणाऱ्या घुशी, त्यातलं काहीच त्या ३२ वह्यांमध्ये आलेलं नव्हतं.

मी मुद्रितशोधक होते. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे त्या दिवसांत लागले आणि अक्षरजुळणी संगणकावर गेल्यानंतरही बरीच वर्षं टिकले. निवृत्त झाल्यावर शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही इतक्यांची मुद्रितं तपासलीत, आमच्या मुलांचं लिखाण बघाल का? दर शनिवारी, सकाळची शाळा असते तेव्हा." त्या मनपाच्या शाळेत चौथीला शिकवतात. मी हो म्हटलं आणि पहिल्याच रात्री माझ्या हाताने तेच केलं, जे तो आयुष्यभर करत आला होता. लाल पेन घेतलं. वेलांट्या फिरवल्या, सुटलेल्या शब्दांसाठी हंसपदं काढली, 'पाणि'चं 'पाणी' केलं. एकही चूक सोडली नाही. रात्रीचा दीड वाजला.

पुढच्या शनिवारी वह्या परत दिल्या. मुलांनी उघडल्या, बघितल्या, मिटल्या. त्या दिवशी पुन्हा लिहायला दिलं तर गोष्टी आखडल्या होत्या. लाल रिबिनीच्या दोन वेण्या घालणाऱ्या एका मुलीने आधी पान भरून लिहिलं होतं, तिने या वेळी चारच ओळी लिहिल्या. मी शेजारी बसून विचारलं, "का गं, एवढंच?" ती म्हणाली, "थोडं लिहिलं की थोडं चुकतं."

त्यात उद्धटपणा नव्हता. एक हिशेब तिला समजला होता आणि तो तिने मला समजावून सांगितला. ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेलं नाही. त्याच तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा मित्राला सांगत होता, त्यांच्या घरात घूस शिरली आणि तिने पिठाचा डबा पाडला. वहीत मात्र 'उंदीर' होता. विचारलं तर म्हणाला, "घूमधला उकार पहिला का दुसरा, माहीत नाही." आणि खरंच, बघा, तो उकार सोपा नाही. घूस दीर्घ आणि घुशीने ऱ्हस्व. उंदीर त्याला पहिलीपासून येत होता, उ उंदराचा. म्हणून मांजराएवढी, ओल्या अंगाची, पिठात पायांचे ठसे उमटवून गेलेली ती घूस वहीत येताना उंदीर झाली. एका उकारापायी गोष्टीतलं सगळ्यात जिवंत जनावर गेलं, आणि ते घालवण्यात माझ्या लाल पेनाचा हात होता.

मी ते पेन शाळेत न्यायचं बंद केलं. मुलांशी एक करार केला: लिहिताना एखादा शब्द अडला तर जसा सुचेल तसा लिहायचा, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि पुढे जायचं. थांबायचं नाही, शब्द बदलायचा नाही. गोल केलेले शब्द आपण नंतर मिळून बघू. दोन शनिवारांत वह्या गोलांनी भरल्या आणि त्या गोलांमध्ये 'घुस' होती, 'वॉचमन' होता, 'चिखल्या' होत्या, 'गुदमरलो' होतं. अडलेले शब्दच बहुतेक वेळा खरे शब्द असतात, हे मला तेव्हा उमगलं.

पण शब्द आले म्हणून गोष्ट येत नाही. ते शिकवलं ओढ्याकाठच्या एका मुलाने.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बाईंनी 'पाऊस' हा विषय दिला होता. याने लिहिलं होतं: 'खूप पाऊस पडला. आमच्या घरात पाणी आले. सगळ्यांचे खूप नुकसान झाले. तात्पर्य - झाडे लावा.' पुण्यात राहणाऱ्यांना २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत असेल. कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला, आंबील ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वरापासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठची घरं पाण्यात गेली. माणसं गेली. हा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. ती रात्र त्याने चार वाक्यांत संपवली होती.

मी त्याला विचारलं, "पाणी आलं तेव्हा तू कुठे होतास?"

"घरी."

"घरी म्हणजे कुठे? उभा होतास, झोपला होतास?"

"पोटमाळ्यावर. आईने टाकलं मला वर."

"मग तुला वरून काय दिसत होतं?"

"काहीच नाही. लाइट गेलेली ना. नुसता आवाज येत होता, ठण्ण ठण्ण. आईला वाटलं कोणी दार वाजवतंय. पप्पा नाइटला गेलेले. आई म्हनली, कोन हाय? तर कोणीच बोलेना. परत ठण्ण. मग आईने मोबाईलची बॅटरी लावली तर कुकर होता. झाकण लावलेला. तरंगत तरंगत भिंतीला आपटत होता."

आजूबाजूची मुलं लिहायची थांबली होती. बाई फळ्याकडून वळल्या होत्या. नऊ वर्षांचा तो मुलगा बाकाच्या कडेवर बोटांनी कुकर कसा आपटत होता ते वाजवून दाखवत होता.

मी म्हटलं, "हे का नाही लिहिलंस?"

तो म्हणाला, "हे गोष्टीत घेतात?"

एवढंच विचारलं त्याने. या प्रश्नाचं उत्तर त्या वर्गातल्या कुणी त्याला दिलेलं नव्हतं, कारण असं विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मुलांना गोष्ट लिहायला शिकवायची म्हणून आपण कल्पनाशक्ती वाढवायला निघतो. त्या सकाळी मला दिसलं की साहित्य त्यांच्याकडे पोत्याने आहे, फक्त ते आत घेतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. 'नुकसान झाले' या शब्दाखाली कुकर दबून गेला होता. मोठ्यांची भाषा, वर्तमानपत्राची भाषा, भाषणाची भाषा मुलं फार लवकर उचलतात, आणि एकदा ती हाताला लागली की डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडतं.

तेव्हापासून माझ्याकडे दोनच प्रश्न असतात. तू कुठे उभा होतास? हातात काय होतं? पहिल्या प्रश्नाने जागा येते. दुसऱ्याने काय येतं ते मला नीट सांगता येत नाही, पण येतं. एकदा बाईंनी सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसाकडून एक खरी गोष्ट विचारून आणा. एका मुलीची पणजी गोखलेनगरात राहते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा ही पणजी दहाएक वर्षांची होती. घर गेलं, नंतर पूरग्रस्तांच्या वसाहतीत, अर्धगोल छपराच्या निसेन हटमध्ये राहायला मिळालं. मुलीने हे सगळं व्यवस्थित लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "पळताना पणजीच्या हातात काय होतं ते विचारशील?" पुढच्या शनिवारी ती दारातूनच ओरडली, "उलथनं!" पणजी स्वयंपाकघरात होती, आईने ओढलं, तशीच निघाली, पर्वतीच्या पायऱ्या चढून वर पोचल्यावर बघते तर हातात उलथनं. ते तिने दोन दिवस खाली ठेवलं नाही. मुलीला ही गोष्ट तिच्या आजीनेही कधी सांगितली नव्हती, कारण पणजीला कुणी हातात काय होतं म्हणून विचारलंच नव्हतं.

आता कुकरकडे परत येते, कारण त्या मुलाने पहिल्यांदा लिहिलं ते अजून बसत नव्हतं. त्याने लिहिलं: 'आमच्या घरात एक कुकर तरंगत आला. तो भिंतीला आपटला. आई घाबरली.' सगळं होतं, आणि तरीही तोंडी सांगताना जे झालं होतं ते यात नव्हतं. काय चुकतंय हे मला कळत होतं, पण नऊ वर्षांच्या मुलाला ते कसं सांगायचं? घटनांचा क्रम, उत्कंठा, हे शब्द त्याच्या काय कामाचे?

मग मला चिमणी आठवली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं. ओढ्याकाठच्या मुलांपुढे ही गोष्ट सांगताना मी क्षणभर अडखळले, पण मुलं हसत होती, त्यांना ती पाठ होती. कावळा चिमणीच्या दाराशी येतो. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. मी मध्येच थांबून विचारलं, "चिमणीने पहिल्याच हाकेला दार उघडलं असतं तर?"

कुणीतरी म्हणालं, "कावळा भिजला नसता."

दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "मग गोष्टच झाली नसती."

वर्ग गप्प झाला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. ओढ्याकाठचा मुलगा आपली वही वर काढून बघत होता. तो हळूच म्हणाला, "मी पहिल्यांदाच दार उघडलं."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात हा शब्दप्रयोग रूढ झाला. मुलं एकमेकांच्या वह्या वाचतात आणि म्हणतात, "अरे, लगेच दार उघडलंस की." पुढे याचाही अतिरेक झाला. एकाने गोष्ट लांबवायची म्हणून दहा ओळी नुसत्याच भरल्या, दारावर टकटक, पुन्हा टकटक. तेव्हा परत चिमणीकडे गेलो. आत काय चाललंय बघा: बाळाची अंघोळ होते, पावडर लागते, तीट लागते, अंगडं घातलं जातं. प्रत्येक हाकेला आत एक काम पुढे सरकतं आणि बाहेर कावळा आणखी भिजतो. नुसतं थांबवणं वेगळं. या शहाणपणाला किती आज्यांचे हात लागले असतील कोण जाणे, कुणी लिहून ठेवलेलं नसताना ते आपल्यापर्यंत आलं. मुलांना लेखन शिकवायला निघालेल्या माणसाने आधी ऐकीव गोष्टींकडे जावं असं मला आता अगदी मनापासून वाटतं. म्हातारी भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निघते, त्यातही केवढी कारागिरी आहे! जाताना वाघाला दिलेला शब्द येताना पाळायची वेळ येते, आणि म्हातारीने तर दिलेल्या शब्दाप्रमाणे जाडजूड व्हायचंच ठरवलेलं असतं.

दुसरा पेच भाषेचा. त्या मुलाने सांगताना आई म्हणाली होती, "कोन हाय?" लिहिताना तिचं 'कोण आहे? असे आईने विचारले' झालं. आई बदललीच. मी वर्गात दोन्ही वाचून दाखवलं आणि विचारलं, यातली याची आई कोणती? सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं.

बाई काळजीत पडल्या. त्यांची काळजी खोटी नाही. उद्या कुणी वह्या तपासायला आलं तर 'हाय' आणि 'म्हनली' बघून काय म्हणेल? इथे माझं जुनं काम उपयोगी पडलं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १४ नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली, पुढे १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. या नियमांवर मी चाळीस वर्षं जगले. आणि त्या नियमांतच सोय आहे, की पात्राच्या तोंडी घालायच्या मजकुरात बोलण्यातली 'असं केलं' यांसारखी अनुस्वाराची रूपं गरज वाटली तर वापरावीत. बोलीला जागा आहे, हे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं. त्या धाग्याने मी आणि बाईंनी मिळून एक तोडगा काढला. निवेदन पुस्तकी मराठीत चालेल, पण अवतरणचिन्हाच्या आत ज्याची त्याची बोली. मुलांना सांगितलं, अवतरणचिन्ह म्हणजे दुसऱ्याच्या घराची चौकट. आत गेलं की त्याच्या घरातलं बोलणं. त्यानंतर वह्यांमधले लोक बोलायला लागले, आणि गंमत म्हणजे मुलं अवतरणचिन्हं बंद करायला विसरेनाशी झाली. वर्षभर सांगून जे झालं नव्हतं, ते चौकटीने झालं.

शुद्धलेखन मी सोडलेलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. शुद्ध लिहिता येणं हा या मुलांचा हक्क आहे. पुढे त्यांच्या अर्जांवरून, उत्तरपत्रिकांवरून लोक त्यांना जोखणार आहेत. फक्त ते मी शेवटी आणते आणि एका वेळी एकच. एका शनिवारी फक्त पूर्णविराम. वही घेऊन उभं राहायचं, मोठ्याने वाचायचं, श्वास जिथे संपतो तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचं. एका मुलीच्या पानभर गोष्टीत चौदा वेळा 'आणि मग' होतं. मी एकही खोडलं नाही. तिला म्हटलं, वाच, आणि जिथे तुला स्वतःला हवंसं वाटेल तिथेच ठेव. तिने तीन ठेवले. ते तीन नेमके बरोबर जागी होते.

परीक्षेत 'मुद्द्यांवरून गोष्ट' येतेच. तळे, मुंगी पाण्यात पडणे, कबुतर, पान टाकणे, शिकारी, मुंगी चावणे, तात्पर्य. त्या प्रकारावर मी रागावलेली नाही, बाईंना तो करून घ्यावाच लागतो. आम्ही एवढंच करतो, की सगळे मुद्दे घ्यायचे पण मुक्काम एकाच ठिकाणी करायचा. मुंगी पानावर चढली तिथे बसा. पान ओलं होतं का? काठ दिसत होता का? मुद्दे म्हणजे दोरीचे खुंट, कपडे वाळत घालायचे ते दोरीवर.

या कामात मन खचलं की मी मुक्ता साळवेची आठवण काढते. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तिचा निबंध छापला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. शाळेत जाऊन थोडीच वर्षं झालेल्या त्या मुलीने लिहिलं, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडी, पाऊस, वारा अंगावर घ्यावा लागतो. नुसतं 'आमचे फार हाल होतात' एवढंच लिहून ती थांबली नाही. तिने छप्पर नसलेलं घर दाखवलं. हे पुण्यातच लिहिलं गेलं, एका शाळकरी मुलीच्या हातून, आणि ते लिहिण्यासाठी तिला जे पाहिलं त्यापलीकडे काही लागलं नाही. मी चौथीला हे वाचून दाखवलं तेव्हा दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "तिच्या वहीत किती चुका होत्या?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "कुणालाच माहीत नसणार." आणि लिहायला बसली.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी ओढ्याकाठच्या मुलाने गोष्ट वाचून दाखवली. तिसऱ्यांदा लिहिलेली. त्याच्या परवानगीने उतरवून घेतली आहे, दोन वेलांट्या त्यानेच दुरुस्त केल्या.

'मी पोटमाळ्यावर होतो. अंधार होता. खाली पाण्याचा आवाज येत होता. मग ठण्ण असा आवाज आला. आई म्हनली, "कोन हाय?" कोणी बोलले नाही. आईने माझा पाय घट्ट धरला. परत ठण्ण. आई म्हनली, "कोन हाय, बोला की." मला वाटले पप्पा आले. मी पप्पा म्हणून हाक मारली. परत ठण्ण. मग आईने मोबाईलची बॅटरी लावली. पाण्यावर एक कुकर होता. त्याचे झाकण लावलेले होते. तो आमचा नव्हता. सकाळी आईने सगळ्या गल्लीत विचारले. कोणीच माझा म्हणाले नाही. आमचा कुकर पण वाहून गेला होता. तो कोणाकडे गेला काय माहीत. आता आई हाच कुकर लावते.'

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग?"

"मग काय नाही. झाली."

पानाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या होत्या. त्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं, वही मिटून दप्तरात टाकली आणि डबा घेऊन खिचडीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.